चिप चादरीला लावा, पण साधी नको

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत 'जीमनी' या टोपणनावाने वावरणाऱ्या डिजिटल कलासंग्राहकावरचा लेख वाचला. २०२१ मध्ये १४० इथर (एक आभासी चलन) मोजून क्रिप्टोपंक या डिजिटल चित्रमालिकेतले वानरचित्र घेणाऱ्या या संग्राहकाने पुढे 'नाइनडीसीसी' हा कपड्यांचा ब्रँड काढून टी-शर्टात एनएफसी चिप, म्हणजे मोबाइल टेकवला की वाचली जाणारी चिप, बसवली. सोलापुरी चादरीलाही तशी चिप लावावी, ही लेखातली सूचना मनापासून पटली. भौगोलिक मानांकन मिळूनही बाहेरची चादर आपल्या नावावर खपते. लेबल काय, कोणीही छापतो.

मात्र चिप कोणती, हे लेखात राहून गेले आणि खरी मेख तिथेच आहे. साध्या चिपमधला दुवा (लिंक) मोबाइलवरून दुसऱ्या चिपवर सहज उतरवता येतो. मग नकली चादरही अस्सल ठरते. दर वेळी मोबाइल टेकवला की नवा सांकेतिक क्रमांक देणारी चिपच हवी. सर्व्हर तो पडताळतो, वापरलेला क्रमांक पुन्हा आला की नाकारतो. घडी पडते तिथे अँटेनेची बारीक तार तुटते, म्हणून धुलाईला टिकणारी, बटणाएवढी बंदिस्त चिप कोपऱ्याच्या दुमडीत घालावी. जरीचा धागा असेल तर त्यापासून लांब. धातूजवळ ती नीट वाचली जात नाही. आणि हे काम कारखान्यात, काठ शिवतानाच व्हावे. दुकानात चिकटवलेली चिप उचकटून कुठल्याही चादरीला लावता येते.

– एक यंत्रमागधारक, सोलापूर