काकाची नळी

प्रिय मनू,

काल फोन आपटला मी, चुकलं. 'तुला काय करायच्यात जुन्या भानगडी' हे तर बोलायलाच नको होतं, कारण तुझा तो वंशवृक्ष मी रोज रात्री मोबाईलवर मोठा करकरून बघतो, आईला विचार. एकाच नावाची दोन माणसं आम्ही जन्मभर एकच समजत होतो, ती तू बायकांच्या नावांवरून वेगळी काढलीस, हे मी जिन्यात भेटेल त्याला सांगून झालंय. आणि जुन्या नोंदींत वयं ४०, ५०, ६० अशीच का दिसतात, तर लोक अंदाजाने गोल आकडा सांगायचे, हेही तूच समजावलंस, नाहीतर पणजोबा माझ्या हिशोबात दहा वर्षं आधीच जन्मले होते.

फक्त त्या डीएनए टेस्टला काकाची लाळ पाठवू नकोस. माझी घे, कितीही घे.

काका तयार आहे म्हणालीस. तो कशालाही तयार होतो गं. शाळेत माझ्या वाटच्या छड्या त्याने खाल्ल्या आणि घरी येऊन सांगितलं पडलो म्हणून. आजोबांना कळलं होतं. ते रात्रभर त्याचा सुजलेला हात मांडीवर घेऊन बसले होते, मी झोपेचं सोंग घेऊन बघत होतो.

त्या टेस्टचं मीही वाचलंय. काका-पुतणीचं साधारण २५ टक्के जुळायला हवं म्हणे. आणि नाही जुळलं तर? शिवाय एकाने दिलं की न दिलेल्यांचंही बाहेर येतं, २०१८ साली कॅलिफोर्नियात पोलिसांनी कित्येक वर्षं न सापडलेला खुनी त्याच्या लांबच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून पकडला, त्या बिचाऱ्यांना पत्ताही नव्हता. घे, काकाला खुन्याच्या रांगेत बसवला मी. लेक्चर झालं, सॉरी.

आजोबांची वही तुझ्याकडेच आहे. माझ्या जन्माची वेळ मिनिटासकट लिहिलीय त्यांनी. काकाच्या पानावर नुसतं साल, आणि अक्षर आत्याचं. तू याबद्दल काही विचारलं नाहीस. दिसलं नसेल, किंवा दिसूनही गप्प असशील, यातलं मला काय हवंय तेच कळत नाही.

त्यापेक्षा आत्याशी बोल. ८१ ची झाली ती, कागद थांबतील. प्रश्नांची यादी नेऊ नकोस, अल्बम पुढे ठेव, रेकॉर्डिंग चालू कर (तिला सांगून) आणि गप्प बस. फोटोंवरच्या चिकटपट्ट्या ओढू नकोस, मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, पेनाने अजिबात नाही, शाई पुढे उमटते.

वहीचं मात्र तिला विचारू नकोस. म्हणजे विचार, पण मी असताना विचार. मला तिच्या शेजारी बसायचंय तेव्हा. आणि तो ६३ वर्षं माझा भाऊ आहे, हे आधी लिहून ठेव तुझ्या त्या तक्त्यात, नंतर काय ते आकडे.

रविवारी येतो. तोवर नळी सील करू नकोस.

बाबा