एका नावाची दुरुस्ती

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या १५ जानेवारीच्या अंकात माजी सैनिक दिनाच्या कार्यक्रमाची बातमी छायाचित्रासह आली आहे. सिद्धेश्वरांच्या संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेने सगळी पाने व्यापलेली असताना आमच्या मूठभर माणसांच्या कार्यक्रमाला आपण जागा दिलीत, याबद्दल आमच्या माजी सैनिक संघाच्या वतीने आभार मानतो. पत्र मात्र एका दुरुस्तीसाठी लिहीत आहे. छायाचित्रात खुर्चीवर बसलेल्या ज्या वीरमातेचा सत्कार होताना दिसतो, त्यांच्या मुलाचे नाव खालच्या ओळीत ‘सीताराम’ असे छापले गेले आहे. त्याचे नाव सिद्राम होते.

ही चूक आपल्या वार्ताहराची नाही. आम्हीच त्यांच्या हाती दिलेल्या इंग्रजी यादीत ते नाव सीताराम असे आहे, कारण लष्कराच्या दप्तरी ते तसेच आहे. सोलापूर, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागात सिद्राम हे नाव दर दोन-चार घरांआड सापडते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या नावावरून ते आले, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. पण भरतीच्या दिवशी टेबलापलीकडे बसलेल्या परप्रांतीय लेखनिकाने ते कधी ऐकलेलेच नसते. त्याच्या कानाला ओळखीचे वाटते ते सीताराम, आणि तो तेच लिहितो. समोर उभा असलेला अठरा वर्षांचा मुलगा साहेबाला दुरुस्त करण्याच्या फंदात पडत नाही.

त्या सकाळी घडले ते असे. आमच्या कार्यक्रमात भाषणे दोनच असतात आणि तीही लहान. मुख्य भाग असतो तो नाववाचनाचा. जिल्ह्यातील अकरा तालुक्यांतून सैन्यात जाऊन जे परत आले नाहीत, त्यांची नावे तालुकावार वाचली जातात. नाव पुकारले की त्या घरचे जे कोणी आले असेल ते उभे राहते, मग बिगुल नाही की काही नाही, पुढचे नाव. आजवर हे वाचन आमचे एक वयोवृद्ध सुभेदार करीत. कोणते नाव कागदावर कसे आहे आणि घरात कसे हाक मारले जाते, हे त्यांना तोंडपाठ होते. यंदा त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्याने यादी एका छात्रसैनिक मुलीकडे दिली. तिने खणखणीत आवाजात, एकही अडखळ न घेता वाचली. दक्षिण सोलापूर तालुका आला, ‘सीताराम’ हे नाव पुकारले गेले आणि कोणीच उठले नाही. मुलीने पुन्हा पुकारले. शेजारच्या बाईंनी त्या आजींचा हात धरून सांगितले, ‘उठा, तुमचंच आहे.’ आजी बसूनच म्हणाल्या, ‘सीताराम कोण्या आईचं लेकरू हाय? तिला उठवा की.’

मुलगी गोरीमोरी झाली. सुभेदारसाहेब काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनी तिथूनच नाव दुरुस्त करून सांगितले, मुलीने ‘सिद्राम’ असे पुकारले आणि आजी काठी टेकत उभ्या राहिल्या. आपल्या अंकातील छायाचित्र त्यानंतर दहा मिनिटांनी काढलेले आहे. दुसऱ्या दिवशी नातवाने त्यांना खालची ओळ वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी मला निरोप पाठवला की पेपरवाल्यांनीही तेच केले. म्हणून हे पत्र.

या प्रकरणात बोलण्याचा मला थोडा जास्त अधिकार आहे आणि थोडी जास्त लाजही आहे. पायदळातील चोवीस वर्षांपैकी बहुतेक काळ मी हवालदार लेखनिक म्हणून काढला. जवान आम्हाला बाबूच म्हणत. शीट रोल म्हणजे जवानाची सेवानोंद, रजेचे पास, पार्ट टू ऑर्डर म्हणजे नोंदींतील बदलांचे आदेश, हे सारे माझ्या टंकयंत्रातून जाई. आमच्या तुकडीत दक्षिणेकडील जवानही होते, आणि त्यांच्यातील आरुमुगम नावाच्या एका मुलाचे नाव मी दोन वर्षे ‘अर्मुगन’ असे टंकत होतो. त्याने एकदाही तक्रार केली नाही. तो पदोन्नतीवर दुसरीकडे गेला, त्या दिवशी निरोपाच्या चहावर त्याने हसत हसत मला आपल्या नावाचा अर्थ सांगितला, सहा मुखांचा देव म्हणून. तोवर ती चूक किती कागदांवर पसरली होती, याचा हिशेब लावण्याची माझी हिंमत झाली नाही.

कागदावरची अशी चूक जवान नोकरीत असेपर्यंत कोणाला टोचत नाही. तो निवृत्त झाला किंवा गेला की ती घरच्यांच्या दारात येऊन उभी राहते. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी लष्कराच्या अभिलेखातील नाव, आधार कार्डावरील नाव, बँकेच्या पासबुकातील नाव आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव जुळावे लागते. निवृत्तिवेतनाचे काम ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेल्यापासून एका अक्षराचा फरकही यंत्राला खटकतो, आणि यंत्राला ‘दोन्ही माणसे एकच’ असे तोंडी सांगून भागत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर अडचण दुहेरी असते. लग्नात सासरचे नवे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. सैन्यात नवऱ्याने कधी बायकोचे माहेरचे नाव नोंदवलेले असते, कधी सासरचे, कधी घरात सगळे हाक मारतात ते. कोणत्याही वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यात, आपल्या पतीच्या किंवा मुलाच्या सेवा अभिलेखात आपले नाव अमुक आहे, ते यापुढे तमुक असे वाचावे, अशा आशयाच्या दोन-तीन ओळी अधूनमधून दिसतात. वाचक त्या ओलांडून पुढे जातात. प्रतिज्ञापत्र, ती जाहिरात, तिचे कात्रण, मग अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार, असा तो रस्ता आहे, आणि त्यावरून चालणारी बाई बहुधा साठीच्या पुढची असते.

आमचा संघ वर्षभर मुख्यतः हेच करतो. लोकांना आम्ही दिसतो ते ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला लाल, गडद निळ्या आणि फिक्या निळ्या रंगांचे कागदी झेंडे टाचणीने लावताना, २६ जुलैला कारगिल विजय दिनी आणि १६ डिसेंबरला विजय दिनी पुष्पचक्र घेऊन उभे असताना. उरलेले दिवस आम्ही एका सभासदाच्या दुकानामागच्या खोलीत डिस्चार्ज बुके आणि झेरॉक्सचे गठ्ठे पसरून बसलेले असतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी असते, तेव्हा खोलीबाहेर चपलांचा ढीग लागतो. सिद्रामच्या आईंचे काम एका कार्यालयात केवळ या नावापायी दीड वर्ष अडले होते. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण काम शेवटी झाले आणि ते करून देणारी मुलगीही त्याच कार्यालयातील होती.

१४ जानेवारी हा दिवस आमच्यासाठी ठरला, तो फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये याच तारखेला निवृत्त झाले म्हणून. त्याआधीची चार वर्षे, म्हणजे १५ जानेवारी १९४९ रोजी त्यांनी जनरल बुचर यांच्याकडून सूत्रे घेतली तेव्हापासून, ते भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती होते, आणि १५ जानेवारी हा सेना दिन झाला तोही त्यामुळेच. देशभर माजी सैनिक दिन २०१६ पासून साजरा होतो. सोलापुरात मात्र हा दिवस ऐन संक्रांतीत येतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेतील सातही नंदीध्वजांच्या मिरवणुकीने गाव भरलेले असते, रस्ते वळवलेले असतात, आणि आम्हालाही मिरवणुकीला जायचे असतेच. म्हणून कार्यक्रम सकाळी सातला उरकतो. संघातील महिला त्याच वेळी तिळगूळ देतात आणि पहिले वाण वीरमाता व वीरपत्नींना देतात. पहिल्या वर्षी काही जणी ते घ्यायला बिचकल्या होत्या. आता नाही.

याच आठवड्यात, १२ जानेवारीला, आम्ही हुतात्मा चौकातही जातो. स्वातंत्र्यलढ्यातील सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १९३१ मध्ये याच दिवशी येरवड्यात फाशी झाली. ज्या शहरावर मे १९३० मध्ये लष्करी कायदा लादला गेला, त्या शहरात निवृत्त लष्करी माणसांनी त्या चौघांना सलामी द्यावी, यात मला तरी विसंगती वाटत नाही. त्या सकाळी दर वर्षी मनात येणारी एक गोष्ट मात्र इथे लिहितो. चौघांच्या फाशीनंतर बरोबर एक महिन्याने, १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, व्हाइसरॉय आयर्विन यांनी दिल्लीत इंडिया गेटचे उद्घाटन केले. त्याच्या दगडावर तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. पहिल्या महायुद्धात याहून कितीतरी जास्त हिंदी सैनिक पडले. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातील गावांत त्या काळी बसवलेले शिलालेख पाहिले, तर या गावातून इतके जण युद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यावर असते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावातून त्या युद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत, आणि गावाने पुढे ‘मिलिटरी’ हा शब्द आपल्या नावालाच जोडून घेतला. आकडा टिकला, गावाचे नाव मोठे झाले, माणसांची नावे मात्र त्या त्या घराण्यांनी सांभाळली तेवढीच उरली.

नाव परक्या कानातून गेले की बदलते, हे सोलापूरकरांना नवे नाही. युद्धकाळात चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा करणारे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे ‘के दिहुआ’ या नावाने ओळखले जातात. ९ डिसेंबरला त्यांच्या स्मृतिदिनी भैय्या चौकातील त्यांच्या जन्मघरी आम्ही गेलो की हे नाव कोणी ना कोणी मुलांना सांगतोच. पण ते नाव त्यांनी स्वतः स्वीकारले होते. सिद्रामला कोणी विचारले नव्हते.

आता मुद्द्याची विनंती. जिल्ह्यातील अनेक गावांत सध्या हुतात्मा सैनिकांच्या नावांचे फलक, कमानी आणि स्तंभ उभारले जात आहेत. त्यासाठी निधी मिळतो, ग्रेनाइट येते, सोनेरी अक्षरे भरली जातात, आणि नावे सरकारी इंग्रजी यादीवरून मराठीत उतरवणारा बहुधा दुकानातील संगणकचालक असतो. त्या बिचाऱ्याने म्हेत्रेंचे मेत्रे केले किंवा शिवप्पाचा शिवाप्पा केला, तर त्याला दोष कसा द्यायचा? ग्रेनाइटवर खोडरबर चालत नाही, आणि तेच दुरुस्त करायला पुन्हा निधी मिळत नाही. तेव्हा असा कोणताही फलक कोरायला देण्यापूर्वी त्यावरील नावांची यादी देवनागरीत लिहून ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, आणि त्या त्या घरच्या माणसाने ‘बरोबर आहे’ म्हटल्याशिवाय ती पुढे जाऊ नये. जिथे घरची भाषा कन्नड किंवा तेलुगू आहे, तिथे उच्चार घरच्यांनी सांगावा आणि तसाच लिहावा. २६ जानेवारीची ग्रामसभा दहाच दिवसांवर आहे. हा विषय घ्यायला वेगळा खर्च नाही, पाच मिनिटे पुरतात. शहरात ग्रामसभा नसली तरी प्रभागातील शाळांना हे काम देता येईल. नावे विचारण्यासाठी मुले घरोघर गेली, तर जुनी छायाचित्रे आणि पत्रेही हाती लागतील. आमच्यापैकी कोणीही सोबत यायला तयार आहे.

हे लवकर व्हावे असे म्हणण्याला कारण आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ज्यांची मुले गेली, ते आईवडील आता फारसे उरलेले नाहीत. भावंडे ऐंशीच्या घरात आहेत. घरात काय हाक मारत होते, हे सांगू शकणारे माणूस गेले की मग दप्तरातील नावच खरे धरावे लागते. पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी नोव्हेंबर २०१६ मध्ये नगरोटा येथे धारातीर्थी पडले, त्यांचे नाव अवघ्या महाराष्ट्राने वाचले आणि ऐकले. साध्या शिपायाचे नाव एकदाच छापले जाते, आणि तेही पुष्कळदा यादीवरून.

आमच्या संघाच्या यादीत आम्ही या आठवड्यापासून दुसरा रकाना वाढवला आहे. पहिल्यात लष्कराच्या दप्तरातील नाव तसेच राहील, कारण कागदपत्रांना ते लागते. दुसऱ्यात घरचे नाव देवनागरीत असेल, आणि पुढच्या संक्रांतीला तोच रकाना वाचला जाईल. वाचणारी मुलगी तीच असेल. तिनेच तसे मागून घेतले आहे.

आपल्याकडून एवढेच हवे आहे की पुढील अंकात, शक्यतो त्याच पानावर, दुरुस्ती छापावी: छायाचित्रातील वीरमातेच्या मुलाचे नाव सिद्राम असे वाचावे. अंकाची एक प्रत मी स्वतः त्यांच्या गावी नेऊन देईन.

आपला विश्वासू,
एक माजी हवालदार लेखनिक,
जुळे सोलापूर