जखमेवरचा ऑक्सिजन आणि 'पर्याय' हा शब्द

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की हल्ली 'रिअॅक्टिव्ह ऑक्सिजन हा अँटिबायोटिक्सना पर्याय' असं वाचायला मिळतं. मी परिचारिका आहे, बरीच वर्षं जखमांची ड्रेसिंग करते. या संशोधनाकडे मी आशेने पाहते, पण 'पर्याय' हा शब्द मला खटकतो.

रिअॅक्टिव्ह ऑक्सिजन म्हणजे सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी ऑक्सिजनची झटकन अभिक्रिया करणारी रूपं. आपल्या पांढऱ्या पेशी गिळलेल्या जंतूला मारायला हीच रूपं तयार करतात. काहींच्या पेशींना जन्मतःच ते जमत नाही. त्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात, आणि असे रुग्ण एका जंतुसंसर्गातून उठतात न उठतात तोच दुसऱ्यात सापडतात.

मधातही हेच घडतं. मधमाशीने त्यात सोडलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर, जखमेच्या स्रावाने मध पातळ झाला की जागं होतं आणि हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. यातला 'हळूहळू' फार महत्त्वाचा. बाटलीतलं पेरॉक्साइड जखमेवर ओतलं की फेस येतो आणि रुग्णाला वाटतं, औषध लागू पडलं. खरं तर आपल्याच रक्तातलं आणि पेशींतलं कॅटलेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकत असतं. वर, तीव्र पेरॉक्साइडने भरून येणाऱ्या नव्या पेशीही भाजतात. म्हणूनच थोडं थोडं, बराच वेळ पेरॉक्साइड सोडणारे वैद्यकीय मध आणि जेल तयार केले गेले. जंतूची प्रथिनं, आवरण, डीएनए अशा सगळ्यांवर एकदम मारा होत असल्याने त्यांना प्रतिकार करणं अवघड जातं. अशक्य मात्र नाही. जखमांत नेहमी सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसकडे स्वतःचं कॅटलेज असतंच.

हे सगळं जखमेवर लावायचं. रक्तात पसरलेला संसर्ग किंवा न्यूमोनिया त्याने बरा होत नाही, तिथे अँटिबायोटिकच लागतं. पेरॉक्साइड पाण्यात घालून पिण्याचे सल्ले फिरत असतात, ते तर जिवावर बेतू शकतात : पोटात वायू सुटतो, आणि त्याचे बुडबुडे रक्तवाहिन्यांत जाऊन अडकू शकतात.

'आता दुसरा उपाय निघालाय ना' म्हणून गोळ्यांचा कोर्स अर्ध्यावर सोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधरोधक जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. या आकड्यामागची भीती खरी आहे आणि म्हणूनच असल्या बातमीवर माणसं चटकन विश्वास ठेवतात.

माझी विनंती एवढीच : अशी बातमी छापताना उपाय लावायचा की पोटात घ्यायचा, कोणत्या जखमेसाठी आहे, आणि चाचणी काचेच्या बशीत झाली की माणसांवर, हे पहिल्याच परिच्छेदात द्यावं.

आपली नम्र,
एक परिचारिका