बी विंगमधल्या काकांना, माझ्या 212 तास 40 मिनिटांसाठी

काका, नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत म्हणून लिहीत नाहीये. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारखी बरीच मुलंमुली आत्ता त्याच जागी अडकलीत, सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) हातात आहे, एअरलाईनच्या जाहिरातीची वाट बघणं चालू आहे आणि मधेच लॅपटॉप बदलायची वेळ आली. त्यांनाही तुमचं सांगणं मिळावं. पुण्यात धानोरीच्या आपल्या सोसायटीत तर सगळ्यांना कळेलच कोण ते.

माझा कॉलेजपासूनचा लॅपटॉप, सातव्या जनरेशनचा प्रोसेसर, त्यामुळे विंडोज 11 घेईना. आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. बाबांनी दिवाळीत मॅकबुक एअर आणून दिला, मला एवढा आनंद झाला, आणि त्याच रात्री लक्षात आलं की माझं लॉगबुकचं, म्हणजे उडवलेल्या तासांच्या नोंदवहीचं, सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. पहिल्या ड्युअल सोर्टीपासूनची (इन्स्ट्रक्टरसोबतच्या उड्डाणापासूनची) प्रत्येक नोंद त्यात होती. कागदी लॉगबुक होतंच, पण कुठलाही फॉर्म भरायला बसलं की पीआयसी (स्वतः मुख्य पायलट म्हणून) किती, क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे) किती, नाईट (रात्रीचे) किती ते मी तिथूनच काढायचे.

एक मित्र म्हणाला बूटकॅम्प टाक, मॅकवरच विंडोज चालेल. ते ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर, म्हणजे 2020 च्या एम1 पासून पुढे, चालतच नाही. दुसरा म्हणाला पॅरलल्स घे आणि त्यात विंडोज चालव. चालतं ते, पण एका लॉगबुकसाठी वेगळे पैसे भरायचे? तिसऱ्याने सांगितलं की मॅक आहे ना, मग लॉगटेन हे लॉगबुकचं ॲप घे, विषय संप. मी खरंच घेणार होते, कार्ड हातात होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये तुम्ही भेटलात आणि विचारलंत, काय गं, चेहरा का उतरलाय?

सगळं ऐकून घेऊन तुम्ही एकच वाक्य बोललात. "कुठलं सॉफ्टवेअर ते नंतर बघू, आधी तुझे तास मोजू. आणि जुना लॅपटॉप बंद पडायच्या आत मोजू."

त्या संध्याकाळी तुमच्या डायनिंग टेबलवर माझा जुना लॅपटॉप, नवीन मॅक, तुमचा लिनक्सवाला कॉम्प्युटर आणि माझं सीए-39, म्हणजे कागदी लॉगबुक, अशी सगळी मांडणी झाली. त्याच्या शेजारी तुम्ही स्वतःचं लॉगबुक आणून ठेवलंत, एअर फोर्समधलं. निळं कापडी कव्हर, कोपरे झिजलेले, आणि आत एएन-32 या मालवाहू विमानाच्या ओळीच ओळी, लेह, परत चंदीगड, परत लेह. नाईटच्या सगळ्या नोंदी लाल शाईत. महिना संपला की खाली आडवी रेघ, बेरीज आणि सही. एकही महिना सुटलेला नाही. मी बराच वेळ नुसती ती लाल अक्षरं बघत बसले होते, तुमच्या लक्षात आलं असेल.

जुन्या सॉफ्टवेअरमधून तुम्ही सीएसव्ही फाईल (कुठेही उघडणारा साधा तक्ता) काढायला लावलीत. मी ती एक्सेलमध्ये उघडली, खाली बेरीज केली आणि आकडा आला 20:40. काका, माझ्या पोटात गोळाच आला. दोनशेच्या वर तास, आईबाबांनी कर्ज काढून भरलेले, आणि समोर वीस तास चाळीस मिनिटं. तुम्ही चष्मा वर केलात आणि पेन्सिलीने कागदावर लिहिलंत, 8 गुणिले 24, 192. 192 आणि 20, 212. "तुझे तास कुठे गेले नाहीत गं, याने घड्याळ समजून चोवीसला परत शून्यावर आणलंय." मग फॉरमॅटमध्ये तासाच्या अक्षराला चौकोनी कंस घातला आणि 212:40 दिसलं. इतकी साधी गोष्ट, पण त्या क्षणी समजावणारं कोणी शेजारी नसतं तर मी काय केलं असतं माहीत नाही.

मग तारखा. नवीन मॅकवर एका सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये फाईल टाकली, सगळं छान दिसत होतं, हिरवी टिकसुद्धा आली. तुम्ही मात्र कागदी लॉगबुकवर बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लावलीत. आणि 4 मार्चला सोलो सर्किट्स (एकटीने धावपट्टीभोवती मारलेल्या फेऱ्या) दिसली. त्या दिवशी मी फ्लाइंगला नव्हतेच, आजीचं वर्षश्राद्ध होतं, मी घरी होते. ती सोर्टी होती 3 एप्रिलची. महिना आधी आणि दिवस नंतर अशा अमेरिकन पद्धतीने त्याने तारखा वाचल्या होत्या. 13 तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी बरोबर, आणि 1 ते 12 मधल्या जवळजवळ सगळ्या उलट्या. "दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, पण इथे तेरावा महिना नसतो म्हणूनच निम्म्या नोंदी वाचल्या," असं तुम्ही म्हणालात ते मी विसरणार नाही. तेव्हापासून मी तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहिते, मग कुठल्याही कॉम्प्युटरला घोळ घालता येत नाही.

तारखा सरळ झाल्या तर टोटल 214:50 यायला लागली. म्हणजे तास वाढले! दुसरं कोणी असतं तर वाढलेत ना, सोडून दे म्हणालं असतं. तुम्ही फरक काढलात, बरोब्बर 2 तास 10 मिनिटं, आणि मला विचारलंत की याच आकड्याचं दुसरं काही आठवतंय का. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर! सीपीएलच्या आधी मी तिथे विंचवर (दोरीने ओढून ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, हवेत सोडणाऱ्या यंत्रावर) अकरा लाँच केले होते आणि ते मी हौसेने त्याच लॉगबुकमध्ये टाकले होते. जुन्या सॉफ्टवेअरला ते ग्लायडर म्हणून माहीत होते, नवीनने सगळे विमानाच्या तासात ओतले. असे तास मी कुठल्या फॉर्मवर लिहिले असते तर ते खोटं ठरलं असतं, आणि मला पत्ताही नसता. सगळ्यात जास्त आभार मला या 2 तास 10 मिनिटांचे मानायचेत.

नाईटचं पण तसंच. संध्याकाळी साडेसातला उडालेली सोर्टी मी यूटीसीमध्ये (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) 14:00 लिहिलेली, सॉफ्टवेअरने ती दुपारची दोनची धरली आणि सूर्यास्त बघून माझे नाईटचे तास सरळ शून्य केले. सीपीएलला नाईटचे 5 तास आणि 10 टेकऑफ-लँडिंग लागतात, ती मी किती वाट बघून पूर्ण केली होती. तुम्ही सांगितलंत की आपोआप मोजणं बंद कर, इन्स्ट्रक्टरच्या सहीखाली जेवढं नाईट लिहिलंय तेवढंच खरं. आणि दशांशाचंही तुमच्यामुळेच कळलं, 1:20 चं 1.3 केलं की दर तीन सोर्टींना सहा मिनिटं गळतात, म्हणून तास:मिनिटं ठेवता येतील असंच काहीतरी घ्यायचं.

हे सगळं झाल्यावर मग सॉफ्टवेअरचा विषय निघाला, आणि तोपर्यंत मला काय विचारायचं ते कळलं होतं. आत कसं घालायचं हे सगळेच सांगतात, बाहेर कसं काढायचं ते आधी बघायचं. लॉगटेन दिसायला सुंदरच आहे, पण फक्त ॲपलवर, आणि माझा फोन अँड्रॉइड. उद्या परत लॅपटॉप बदलला तर परत तीच रात्र. तुम्ही तुमच्या लिनक्सवर ओपनपायलटलॉग चालवून दाखवलंत, फुकट, ओपन सोर्स, मॅकवरही चालतं, पण फोनवर नोंद करायची माझी सवय त्यात बसत नव्हती. क्रूलाउंजचं पायलटलॉग, जे आधी एमसीसी पायलटलॉग म्हणून ओळखायचे, ते विंडोज, मॅक, अँड्रॉइड सगळीकडे आहे आणि त्यात एअरलाईनचं रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) घेता येतं, ते मी नोकरी लागेल तेव्हासाठी मनात ठेवलंय. सध्या मायफ्लाइटबुक घेतलं. ब्राउझरमध्ये चालतं, फोनवर ॲप आहे, पैसे नाहीत आणि सगळा डेटा सीएसव्हीमध्ये उतरवता येतो. माझ्या आत्ताच्या परिस्थितीला तेच बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं. ईजीसीएवरचं (डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या पोर्टलवरचं) ई-लॉगबुक आणि कागदी सीए-39 आपल्या जागी आहेतच, ते अधिकृत, हे माझ्या हिशोबाचं.

तीन संध्याकाळी गेल्या काका. शेवटच्या दिवशी आठ वाजून गेले होते, काकूंनी साबुदाण्याची खिचडी समोर ठेवली आणि तुम्ही म्हणालात, पाच मिनिटं, एवढं पान होऊ दे. मग कागदावरची टोटल, जुन्या लॅपटॉपवरची आणि नवीन मॅकवरची, तिन्ही तुम्ही मोठ्याने वाचायला लावलीत. दोनशे बारा चाळीस. दोनशे बारा चाळीस. दोनशे बारा चाळीस. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात आणि खिचडीची ताटली पुढे ओढलीत. खिचडी गार झाली होती, काकू रागावल्या नाहीत, त्यांचेही खूप आभार.

फीसाठी घर गहाण ठेवताना बाबांनी एकदाही विचारलं नव्हतं की हे तास कुठे लिहून ठेवतेस. आता त्यांना मी मॅकवर उघडून दाखवले, महिन्याप्रमाणे, खाली बेरजेसकट. ते बराच वेळ खालीवर करत बघत होते.

महिना संपला की आडवी रेघ मारून बेरीज करायची सवय मी लावून घेतलीय. या महिन्यात नवीन तास नाहीत, तरी रेघ मारली. आणि नाईटसाठी लाल पेन आणून ठेवलंय. शनिवारी प्रिंटआउट घेऊन वर येते, पहिल्या पानावर पेन्सिलीने का होईना, तुमचं "तपासलं" हवंय मला.

तुमची,
खालच्या मजल्यावरची