पाचशेचा स्टॅम्प कुठे लागत नाही, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रतिज्ञापत्रासाठी लोकांना नोटरी वकील पाचशेचा स्टॅम्प आणायला लावतात, ही कालची बातमी वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. मी कोरेगावात नोटरी आहे.

गेल्या जूनमध्ये रहिमतपूरकडच्या एक आजी नातीच्या जातीच्या दाखल्यासाठी आल्या. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून पाचशेचा स्टॅम्प आणला होता. भांगलणीची मजुरी त्यात गेलेली. मी म्हटलं, "आजी, याला स्टॅम्प लागतच नाही." १ जुलै २००४ च्या आदेशाने जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर नोटरी करून दिली. तासाभरात दोघी परत आल्या. दाखल्याचे अर्ज घेतात त्या सरकारी खिडकीवर सांगितलं होतं, स्टॅम्पशिवाय घेणार नाही. नात रडवेली झाली होती, प्रवेशाला दोनच दिवस उरले होते. कपाटातली आदेशाची प्रत काढून मी स्वतः गेले, वाचून दाखवली, तेव्हा कुठे अर्ज घेतला. स्टॅम्पच्या परताव्यासाठी साताऱ्याला हेलपाटे घालणं आजींना जमलं नाही. पाचशे रुपये गेले ते गेलेच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर-दोनशेच्या स्टॅम्पचे पाचशे झाले, ते मला व्हॉट्सॲपवर कळलं. एका ओळीचं सरकारी पत्र आलं नाही. आमचं नोटरीचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं, नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी. दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्षभराच्या कामाचं विवरण आम्ही पाठवतो. म्हणजे आमचे पत्ते सरकारदरबारी आहेत. नियम बदलला की त्याच पत्त्यावर एक परिपत्रक पाठवा आणि तेच खिडकीवरही लावा. माफीचा आदेश तिथे मराठीत चिकटवलेला असता, तर आजी घरूनच साधा कागद घेऊन आल्या असत्या.

आणखी एक. बातमीसोबत आपण कोर्टाबाहेर झाडाखाली मशीन घेऊन बसलेल्या गृहस्थांचा फोटो छापलात. ते नोटरी नाहीत, टायपिस्ट आहेत. त्यांचा लुटीशी संबंध नसताना चेहरा जिल्हाभर गेला. कृपया दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको.

आपली,
एक नोटरी वकील, कोरेगाव (जि. सातारा)