खाऱ्या टाकीतील शेवाळ आणि आपले ऋण

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानू लागलो की आपण विषय बदलता आणि माशांनी आज काय खाल्ले ते विचारता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. दुसरेही कारण आहे. समुद्री माशांच्या नव्या खाऱ्या टाकीतील शेवाळाला कंटाळून सगळे मोडीत काढायला निघालेला मी काही पहिला नव्हे, आणि आपण मला जे पाहायला शिकवले ते आणखी कोणाच्या तरी उपयोगी पडावे, असे मनापासून वाटते.

दिवाळीनंतर मी दोनशे लिटरची टाकी मांडली. एका दुकानात पाहिलेल्या वाळक्या प्रवाळाच्या पांढऱ्या दगडांचा मला मोह पडला होता. परंतु दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ते मेलेले असले तरी त्यांची खरेदी-विक्री चालत नाही, हे आपण पहिल्याच फोनवर बजावले आणि मी सिरॅमिकचे दगड आणले. पाच आठवड्यांत माशांना विषारी असलेले अमोनिया आणि त्यामागोमाग नायट्राइट चढून शून्यावर आले, तेव्हा क्लाउनफिशची जोडी सोडली. सगळे सुरळीत आहे असे वाटत असतानाच पांढऱ्या वाळूवर तपकिरी भुकटीचा थर चढला. आज पुसावा तर उद्या पुन्हा हजर.

आपण घरी आलात आणि पाऊण तास टाकीत हात न घालता नुसते पाहत बसलात. मग आपला पहिला प्रश्न पाण्याबद्दल होता. आमच्या सोसायटीत पालिकेच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळते आणि मी ते आरओ यंत्रातून काढून वापरत होतो. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपून येणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते, डायटम, म्हणजे ती तपकिरी भुकटी दिसणारे सूक्ष्म शेवाळ, आपले कवच त्याच सिलिकेचे बांधतात, आणि यंत्राच्या शेवटच्या नळकांड्यातील, उरलेले क्षार धरून ठेवणारे रेझिन थकू लागले की सर्वांत आधी निसटते ती सिलिकाच, हे मला त्या दिवशी कळले. पाण्यातील विरघळलेले क्षार सांगणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतो, मग पाणी शुद्धच असणार, या माझ्या युक्तिवादावर आपण हसलात, कारण सिलिकेचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, फारसे होत नाहीत आणि मीटर मोजतो ती पाण्याची विद्युतवाहकता. रेझिन बदलले. पुढच्या तीन आठवड्यांत भुकटी ओसरली आणि त्यासाठी कोणतेही औषध लागले नाही.

त्यानंतर दगडांवर हिरवे केसाळ शेवाळ उगवले. फॉस्फेट म्हणजे शेवाळाचे खत, पण त्याची चाचणी शून्य दाखवत होती, म्हणून चाचणीचा संचच बिघडला असे मी ठरवून टाकले. उधळ्या माणसाच्या खिशात महिनाअखेरीस काही सापडत नाही, म्हणून तो कमवतच नाही असे म्हणायचे का, असे आपण विचारलेत. पाण्यात आलेले फॉस्फेट शेवाळ तिथल्या तिथे खाऊन टाकते आणि आपण मोजतो ती केवळ शिल्लक, हे त्याहून सोपे करून मला कोणी सांगितले नसते. खरे मूळ माझ्याच हातात होते. दिवसातून तीनदा गोठवलेली कोळंबी, आणि तीही तिच्या वितळलेल्या पाण्यासकट. आपण ती गाळणीत धुवायला लावलीत, एक वेळ ठेवलीत, दिवे आठ तासांवर आणलेत आणि शेवाळ हाताने उपटून लगेच सायफनने ओढून घ्यायला सांगितलेत. हे सावकाश होणारे काम आहे, असेही सांगितलेत.

येथे एक कबुली द्यायची आहे. मला धीर धरवला नाही. आपल्याला न सांगता मी लोहयुक्त फॉस्फेटशोषक तिप्पट प्रमाणात भरला, आणि दहा दिवसांत हिरवे शेवाळ विरघळल्यावर स्वतःवरच खूश झालो. मग वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा चिकट थर आला. दुपारपर्यंत त्यात बुडबुडे धरत, रात्री तो जवळजवळ नाहीसा होई. डायटम परतले असे समजून मी पाणी बदलत राहिलो आणि थर वाढतच गेला. काचेवरच्या गोगलगायी एकेक करून खाली पडल्या, तेव्हा कुठे आपल्याला फोन केला.

आपण रागावला नाहीत. थोडा थर बाटलीत घेऊन जोराने हलवलात, कागदातून गाळलात आणि ते पाणी उजेडात ठेवून चहा मागितलात. तासाभरात पाण्यात पुन्हा तंतू जुळून आले. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे पोहू शकणारे एकपेशीय सूक्ष्मजीव. मग आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या आकाराच्या त्या पेशी एका टोकाला बांधल्यासारख्या गोल गोल फिरताना दाखवल्यात, ऑस्ट्रिओप्सिस हे नाव सांगितलेत आणि त्यांच्यातील काही जाती विषारी असल्यामुळे टाकीत हात घातल्यावर तो स्वच्छ धुवायला बजावलेत. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही मी शून्यावर नेल्यामुळे यांचे प्रतिस्पर्धी उपाशी मेले होते आणि मैदान यांना मोकळे मिळाले होते.

उपाय ऐकून माझा विश्वास बसेना. ज्या खताविरुद्ध मी महिनाभर लढलो, तेच आता मोजून घालायचे होते: नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट ०.१ च्या आसपास. शोषक बंद, पाणी बदलणे काही काळ बंद, तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात, आणि या पेशी रात्री वाळू सोडून पाण्यात उतरतात म्हणून अतिनील दिवा रात्रभर चालू. या काळात मला एका दुकानदाराने प्रतिजैविकाची पुडीही देऊ केली होती. ते औषध नीलहरित जीवाणूंसाठी वापरतात, इथे त्याचा उपयोग नाही आणि अमोनिया पचवणारे आपले जीवाणू मात्र त्याने धोक्यात येतील, असे सांगून आपण ती परत करायला लावलीत.

सहा आठवडे लागले. एका सकाळी काचेवर हिरवी धूळ दिसली आणि मी घाबरून छायाचित्र पाठवले, तर आपले उत्तर आले, “हिरवे आले ना? मग जिंकलो.” शेवाळ दिसल्याचा आनंद मानणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो.

क्लाउनफिश दोन्ही ठीक आहेत. पंपामागे हिरव्या केसांचा एक झुपका अजून आहे, तो मी मुद्दाम ठेवला आहे. दर रविवारी अर्धा उपटतो. नव्या गोगलगायी चार आणल्या आहेत आणि चारही काचेवर आहेत. आपला सूक्ष्मदर्शक माझ्याकडेच राहिला आहे. येत्या रविवारी घेऊन येतो, सोबत वाळूचा ताजा नमुनाही आणतो, कारण काल त्यात दिसलेले काहीतरी मला ओळखता आलेले नाही.

आपला कृतज्ञ,
आपण टाकी मोडू न दिलेला एक मत्स्यपालक, पुणे