इस्रायलमधल्या दिमोनाहून आई-पप्पांना

आई-पप्पा, शालोम.

उशीर झाला, रागावू नका. फोनवर पप्पा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" करतात, मग काही सांगायचं राहूनच जातं.

मी मस्त आहे. बातम्या बघत बसू नका, घरात जाड काँक्रीटची खोली आहे, सायरन झाला की आत जायचं, माझी लोणच्याची बरणी पण तिथेच आहे. आणि हो, जेवते मी वेळेवर.

आजी योम किप्पूरला, आपल्या मोठ्या उपासाच्या दिवसाला, दारफाळणीचा सण म्हणायची ना, दारं लावून बसायचं, इथे उलटंच! जवळजवळ अख्खा देश गाड्या बंद ठेवतो, तसा कायदा नाहीये तरी, जे उपास धरत नाहीत तेही गाडी काढत नाहीत, आणि पोरं सायकली घेऊन थेट हायवेवर. म्हणजे आपल्या घोडबंदर रोडच्या मधोमध सहा वर्षांची पोरगी सायकल शिकतेय, सिग्नल आपले लाल-हिरवे होतायत आणि गाडी एक नाही. मी सवयीने दार लावून बसलेले, शेजारीण ओरडली, "होदीत, खाली ये!" होदीत म्हणजे इंडियन बाई. ठाण्यात आम्ही ज्यू सांगितलं की "तुम्ही ख्रिश्चन का?" ऐकून कंटाळलेले, इथे हे.

पप्पा, आपल्याला कोणी कमी लेखत नाही. १९६२ ला इथल्या मुख्य रब्बींकडून, आपण बेने इस्राएल खरे ज्यू का म्हणून, लग्नासाठी आजी-पणजीपर्यंत चौकशी करायचं फर्मान निघालं, १९६४ ला आपले लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, त्याला किती वर्षं झाली. ते सगळं मिटलंय.

आता मुद्द्याचं. मुलगा चांगला आहे, आईवडील मोरोक्कोचे, हा इथेच जन्मला. त्यांच्यातही लग्नाआधी मेंदी असते, तेव्हा तो प्रश्न नाही. मलिद्याचं, आपल्या देवापुढच्या गोड पोह्यांचं, मी सांगितलंय, पोहे इथल्या इंडियन दुकानात मिळतात, त्याची आई फक्त विचारत होती की भात न शिजवता देवाला कसा ठेवता. एलियाहू हनाबीचं, म्हणजे आपल्या एलिया प्रेषिताचं, नाव घेतल्यावर गप्प झाली, तिच्याकडेही तोच आहे.

तुमचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, आणि ठाण्याच्या सिनेगॉगचं पत्र पाठवा, लग्न नोंदवायला मागतायत. आजोबा असते तर चिडले असते. मीही चिडले जरा, पण पाठवा.

तुमच्या तिकिटांसाठी पैसे बाजूला काढतेय म्हणून तीन महिने कमी येतील, आई, गुडघ्याचं औषध मात्र बंद करू नकोस. आधी न विचारता होकार दिला हे मला माहितीये.

येताना हिरव्या बांगड्या आण, काचेच्याच. माप तेच, सव्वादोन.